संगणक माझ्या नावावर

१९ जाने., सोम.

स्टाफरूमच्या संगणकात नवी आवृत्ती शिरली. शनिवारी घरी जाताना कुणीतरी 'होय' दाबलं असणार. सकाळी निळा पडदा, पांढरे ठिपके गोल फिरताहेत. साडेदहा ते बारा, तेवढंच.

मग पडद्यावर: ईमेल द्या. 'पुढे' हे बटण मेलेलं, ईमेल दिल्याशिवाय जिवंत होत नाही. मागे जायची सोय नाही. बंद करून चालू केला. तोच पडदा. दहावीचे तोंडी परीक्षेचे गुण आत, शिक्षकांच्या फाइल्स आत, आणि आठ जण माझ्या खुर्चीमागे उभे. ऑफिसातली ऑपरेटर वैशाली नेमकी रजेवर.

माझाच ईमेल दिला. पासवर्ड तीनदा चुकला. कॅप्स लॉक चालू होतं. छप्पन्नाव्या वर्षी दोन बोटांनी टाइप करताना मागे आठ जण. कान तापले.

गणिताचे पाटील: "सावकाश सर. लग्नाचा फॉर्म भरताय का?"

मग विचारलं, फाइल्सचा बॅकअप घ्यायचा? दोनच उत्तरं. 'होय' आणि 'नंतर आठवण करा'. 'नको' नाही. 'होय' दाबलं, सुटलो.

आता संगणक उघडला की 'स्वागत आहे, सामंत'. पाटील: "घ्या. शाळा सामंतांच्या नावावर झाली." सगळे हसले. मीही. पिन १२३४. चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली, सगळ्यांसाठी.

२१ जाने., बुध.

कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण मधे आलं आहे. उजवं क्लिक केलं की 'कॉपी' हा शब्द सापडत नाही, एक चित्र आहे, ते ओळखायचं. 'आणखी पर्याय दाखवा' केलं की जुनी यादी येते. मग ती आधीच का नाही.

प्रिंट दिली. निघेना. तीनदा दिली. वै. आली, बघितलं. "सर, प्रिंटर स्वतःहून बदललाय. कागदावर नाही, फाइलमधे छापतोय." तिन्ही प्रती फाइल होऊन पडल्या होत्या. तिने एका मिनिटात दुरुस्त केलं. मी म्हणालो, "तुम्हा लोकांना सवय आहे." हे आभार नव्हते. तिलाही कळलं असावं.

वै. शहाद्याकडची. नरोलीत खोली. नवरा खडोलीला यार्नच्या कंपनीत. ती एजन्सीतर्फे, अकरा महिन्यांचं कंत्राट, दर वर्षी नवं.

जाताना म्हणाली, "सर, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करून देऊ का? एकाच नावाने सगळे बसतात. उद्या काही झालं तर कुणी केलं ते कळणार नाही."

म्हटलं, सभेत मांड.

२४ जाने., शनि.

सभा. वै.ने वेगळ्या लॉगिनचं मांडलं. उभी राहून, नीट. मुख्याध्यापक साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी बोललो. एका ताटात जेवणारी माणसं आपण. प्रत्येकाच्या वाटीला कुलूप कशाला. टाळ्या पडल्या. चार चार पासवर्ड लक्षात ठेवायचा कंटाळा सगळ्यांनाच. मलाही तोच, पण बोललो ते ताटाचं.

वै. खाली बसली. वाक्य चांगलं झालं असं घरी येईपर्यंत वाटत होतं.

२५ जाने., रवि.

घरच्या लॅपटॉपवर चार दिवस मेल नाही. लेक मृणालने बंगळूरहून बाळाचे फोटो पाठवले म्हणते, मला येत नाहीत. वर लाल पट्टी: जागा संपली आहे. मेल येणार नाहीत. जास्त जागा विकत घ्या.

कशाने संपली म्हणून उघडलं. माझ्या खात्यात शाळा होती. हजेरी, प्रश्नपत्रिका, पाटलांचं वेळापत्रक, पोरांच्या आधार कार्डांच्या प्रती. शेकड्याने. घाबरलो. हे माझ्याकडे कसं? कुणी बघितलं तर म्हणतील मास्तर पोरांचे कागद घरी घेऊन बसलाय.

मूळ फाइल्स शाळेत आहेतच. या प्रती. सगळ्या निवडल्या, काढून टाकल्या. विचारलं, नक्की? नक्की.

बाळाचे फोटो आले. शुभाला दाखवले. घर झाडल्यासारखं वाटलं.

२६ जाने., सोम.

झेंडावंदन. लाडू. स्टाफरूम उघडलीच नाही.

२७ जाने., मंगळ.

संगणकाचा डेस्कटॉप रिकामा. एकही फाइल नाही. फक्त मागचं चित्र, कुठल्यातरी परदेशी तळ्याचं. वरती कोपऱ्यात विचारतो, हे चित्र आवडलं का?

केराची टोपली बघितली. रिकामी. शोधून बघितलं तर तो इंटरनेटवर गेला आणि 'तोंडी परीक्षा' नावाचे क्लास दाखवू लागला.

दहावीचे गुण गेले. तिन्ही तुकड्या. बोर्डाकडे पाठवायची मुदत तेरा फेब्रुवारी. भूगोलाच्या बाई रडल्या, सहामाहीचं सगळं त्यात.

साहेब आले. चिडले की त्यांची गुजराती बाहेर येते. "शुं थयुं, काय झालं? शेवटी कोण बसलेलं?"

मी म्हणालो, "शनिवारी सभेनंतर वैशाली बसली होती. दोन वाजेपर्यंत."

खरंच बसली होती.

२८ जाने., बुध.

साहेबांनी तिला स्टाफरूममधे सगळ्यांसमोर विचारलं.

"वैशालीबेन, काय डिलीट केलं?"

"काही नाही साहेब. मी फक्त हजेरी टाकली."

"मग काय भूत आलं? सभेत तुमचं ऐकलं नाही म्हणून?"

ती कानापर्यंत लाल. पाटलांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मीही वह्या तपासायला घेतल्या. एकच वही दोनदा तपासली.

मला तेव्हा खात्री होती की तिच्या हातून चुकून झालं असेल. हे लिहून ठेवतो. तेव्हा खात्री होती.

३० जाने., शुक्र.

मेलमधे एक पत्र. २५ तारखेचं, उघडलं नव्हतं. जाहिरात समजून सोडलेलं.

'तुम्ही नुकत्याच बऱ्याच फाइल्स हटवल्या आहेत. त्या तुमच्या सर्व उपकरणांवरून हटवल्या जातील. तीस दिवसांपर्यंत परत आणता येतील.'

सर्व उपकरणांवरून.

तीनदा वाचलं. १९ तारखेला मी माझं नाव दिलं, 'होय' दाबलं. त्या दिवशीच त्याने शाळेच्या फाइल्स उचलून माझ्या खात्यात नेल्या. बॅकअप म्हणाला. माझ्या मनात बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. इथे एकच प्रत होती. घरी बसून मी पुसली ती शाळेतली.

ज्याने हे सॉफ्टवेअर बनवलं त्याने ते असं का बनवलं असेल? कुठल्या घरात दुसऱ्या खोलीतला दिवा मालवला की गावातल्या शाळेतला विझतो? दहा मिनिटं त्यालाच शिव्या दिल्या. बरं वाटत होतं. मग वै.चे कान आठवले.

शुभा: "अहो, भात निवतोय."

जेवलो नाही. पोटाचं कारण सांगितलं.

३१ जाने., शनि.

सांगायचं ठरवून गेलो.

पहिल्या तासाआधी पाटील तंबाखू मळत: "कंत्राटवाल्यांची यादी चाललीय, सर. तेराला वर जाणार. वैशालीच्या नावापुढे साहेबांनी प्रश्नचिन्ह टाकलंय म्हणे. बिचारी. नवऱ्याची कंपनीही महिन्यात पंधरा दिवस चालते."

"हो का," म्हणालो.

आणि वर्गावर गेलो. दहावी ब. निबंध: प्रामाणिकपणाचं मोल. मीच दिलेला विषय, मागच्या आठवड्यात. एका मुलीने उभं राहून वाचला. चांगला होता. 'छान' म्हणालो, बसवलं.

१ फेब्रु., रवि.

फाइल्स परत आणता येतात हे मला माहीत आहे. कुणाला काही न सांगता. गुण परत आले, भूगोलाच्या बाईंचं परत आलं, की प्रकरण मिटलं. वै. सुटली. मीही.

लॅपटॉपवर टोपली शोधायला पाऊण तास. ती डाव्या बाजूला आहे, पण खिडकी लहान असली तर दिसत नाही. खिडकी मोठी केली. सापडली. सगळ्या निवडल्या. 'पुनर्संचयित करा.' हा शब्द मी वर्गात कधी वापरला नाही.

जागा पुन्हा भरली. लाल पट्टी आली. असू दे.

शुभा मागे उभी. "एवढा घाम कसला?" म्हटलं, अपडेट.

२ फेब्रु., सोम.

सकाळी संगणक उघडला. एकेक फाइल येऊन बसू लागली. सगळे जमले. भूगोलाच्या बाईंनी हात जोडले, पडद्याला. पाटील म्हणाले, चमत्कार.

साहेब आले, कंबरेवर हात.

"जोयुं, बघितलं? जरा आवाज चढवला की आल्या. लपवल्याच होत्या."

कुणीतरी हसलं.

"वैशालीबेन, बहु सरस. आता पुन्हा नको हां असं."

वै. दारात उभी होती, हजेरीचे कागद घेऊन. तिने साहेबांकडे बघितलं नाही. पडद्याकडेही नाही. माझ्याकडे बघितलं. थोडा वेळ. मग कागद टेबलावर ठेवून गेली.

मी हे लक्षातच घेतलं नव्हतं. फाइल्स हरवल्या होत्या तोवर ती निष्काळजी होती. परत आल्या, आता ती चोर आहे. मी केलं.

४ फेब्रु., बुध.

प्रश्नचिन्ह गेलं, रेघ आली. पाटलांनी पाहिली. तिच्या नावावर लाल रेघ.

ऑफिसामागे, पाण्याच्या टाकीशी ती फोनवर. नवऱ्याशी असावी, तिच्या अहिराणीत. "मी काहीच नही करेल. तुले सांगस ना." काहीच केलेलं नाही म्हणत होती. आणखी काय बोलली ते ऐकलं नाही, मागे वळलो. पाणी प्यायला गेलो होतो. तसाच वर्गावर गेलो.

दुपारी संगणकाने माझं मराठी टायपिंग पळवलं. दोन कळा एकदम दाबल्या गेल्या की भाषा बदलते, आणि कुठली झाली ते कोपऱ्यात तिळाएवढ्या अक्षरात. एक पूर्ण उतारा भलत्याच लिपीत गेला. हाक कुणाला मारणार. तीच आली. दोन कळा दाबल्या.

"झालं सर."

तेवढंच. पूर्वी सांगायची कसं करायचं ते.

६ फेब्रु., शुक्र.

साहेबांच्या केबिनमधे गेलो. बसा म्हणाले. बसलो. चहा मागवला. फॅन बघितला. त्यांनी विचारलं, बोला.

सोमवारी अर्धा दिवस रजा हवी होती, म्हणालो.

नको होती. मिळाली.

८ फेब्रु., रवि.

शुभाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. थांबली नाही.

"मला कशाला सांगताय?" म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तिची मुलगी कितवीत आहे?"

मला माहीत नाही. मुलगी आहे हेही शुभाला ठाऊक, मला नाही. हळदीकुंकवाला आली होती म्हणे, संक्रांतीला. आमच्याच घरी.

९ फेब्रु., सोम.

अर्धा दिवस रजा होती म्हणून साडेबाराला सुटलो. साडेपाचपर्यंत गावात हिंडलो. मग नरोलीच्या रिक्षा लागतात तिथे उभा राहिलो. वै. आली, पर्स पोटाशी धरून. मला बघून थबकली.

"सर, तुम्ही नरोलीला?"

"नाही. तुझ्याशी बोलायचंय."

रिक्षावाला ओरडत होता, नरोली नरोली, दो सीट. तिने त्याला जाऊ दिलं. फरसाणच्या दुकानाच्या पायरीवर सांगितलं. सगळं. ईमेल, होय, बाळाचे फोटो, टोपली. मी नीट सांगत होतो की तो बॅकअप म्हणजे खरा बॅकअप नसतो, की माणसाची चूक होईल असंच ते बनवलंय. तिने मधेच थांबवलं.

"माहीत आहे सर."

"काय माहीत आहे?"

"फाइल्स गेल्या त्या मंगळवारीच बघितलं मी. शाळेचा संगणक तुमच्या खात्याने चालू आहे ना. त्यातून ऑनलाइन टोपली उघडते. सगळ्या फाइल्स तिथे होत्या. हटवल्याची वेळ लिहिलेली असते. रविवार, संध्याकाळी सहा चाळीस." मग, "रविवारी शाळेला कुलूप असतं, सर."

मी पायरी उतरलो.

"मग तू परत का नाही आणल्यास?"

"आणल्या असत्या तर साहेब म्हणाले असते मीच लपवल्या होत्या. तेच म्हणाले ना शेवटी."

"मग माझं नाव तरी सांगायचंस."

ती हसली. खरंच हसली. "तुम्ही तीस वर्षांचे इथे. मी अकरा महिन्यांची. कुणाचं ऐकलं असतं? वाटलं, सरांना माहीत नसेल. कळेल तेव्हा सांगतील." मग दुसरी रिक्षा आली. "फाइल्स आल्या त्या सोमवारच्या आधी तुम्हाला कळलं होतं. कळल्याशिवाय परत कशा आणल्या असत्या?"

चढली. पाय आत घेता घेता म्हणाली, "मला सांगून काय होणार. साहेबांना सांगा."

पुलापर्यंत चालत गेलो, दमणगंगेच्या. मग परत. घरी काही सांगितलं नाही. शुभाने विचारलंही नाही.

१० फेब्रु., मंगळ.

अर्ज लिहिला, एक पान. स्टाफरूममधेच टाइप केला. सेव्ह करताना तो विचारतो कुठे, आणि आधी माझंच खातं दाखवतो. 'हा संगणक' खाली, आणखी एका क्लिकवर. वीस मिनिटं गेली. छापला.

साहेबांनी वाचला. चष्मा काढला.

"अरे सामंत सर! तुमच्या हातून?" हसू आवरेना. "चला, इंसान छे. फाइल मिळाली, गुण बोर्डाकडे गेले, पत्युं, मिटलं."

म्हटलं, वैशालीचं नाव.

"ते यादीचं वेगळं. एकदा रेघ मारली, आता खोडाखोड केली तर वरून विचारतील का. आणि जुओ, तुमची दोन वर्षं राहिली. पेन्शनचे कागद निघतील. हा कागद फाइलला लावू? शा माटे, कशासाठी?" अर्ज माझ्याकडे सरकवला. "तोंडी सांगितलं ना. बस. चहा घ्या."

अर्ज घेतला. चहा घेतला.

चहाही घेतला.

११ फेब्रु., बुध.

वै.ला अर्ज दाखवला. का दाखवला? मी प्रयत्न केला हे तिला कळावं म्हणून. दुसरं कारण सापडत नाही.

टेबलाशी उभी राहून वाचला. बोट ओळीवरून. एका शब्दावर थांबलं.

"'अनवधानाने' म्हणजे लक्ष नसताना ना, सर?"

"हो."

"रविवारचं ठीक आहे. ते अनवधानाने. आणि त्याच्यानंतर?"

मी मोजले. ३० तारखेपासून. दिवस मोजले, तिच्यासमोर उभा राहून.

"ते यात नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. कागद घडी घालून परत दिला. "साहेबांनी म्हणूनच परत दिला असेल. यात काय आहे? मशिनची चूक आहे. मशिनच्या चुकीला कोण यादी बदलतं."

पाटील आत आले. "काय सर, काय वाचन चाललंय? कविता?"

वै. म्हणाली, "हो."

१२ फेब्रु., गुरु. शाळेत, १०.२०

दुसरा अर्ज. हाताने. रात्री चारदा लिहिला, सकाळी पाचव्यांदा. सात ओळी. कधी पुसलं. कधी कळलं. कळल्यावर किती दिवस गप्प राहिलो. गुपचूप परत आणलं तेव्हा आळ तिच्यावर जाईल याचा विचार केला नाही. सभेत तिचं म्हणणं मीच पाडलं. तिचा दोष नाही. खाली सही.

दोन प्रती. एक साहेबांना, एक आवक नोंदवहीत घालायला. साहेब नको म्हणाले तरी आवक क्रमांक पडला की कागद राहतो. तीस वर्षं इथे आहे, एवढं ठाऊक आहे. परवा ठाऊक नव्हतं असं नाही.

केबिनबाहेरच्या बाकावर बसलोय. यादी आत टेबलावर, काचेखाली. दारातून दिसते. उद्या जाणार.

मांडीवर वही धरून लिहितोय म्हणून अक्षर असं.

वै. समोरून गेली, फाइली घेऊन. बाकावर मी, हातात कागद. पाहिलं तिने. थांबली नाही.

घंटा झाली. दहावी ब बसलीय माझी वाट बघत. पाटलांना जाता जाता म्हटलं, माझा तास घ्या. "तब्येत?" नाही, म्हटलं.

गाडी आली फाटकात. साहेब फोनवर बोलत उतरताहेत, मला बघून हात केला, हसले. परवाच्या चहासारखंच.

उठतो.